दुरुस्तीनंतर लॅपटॉप अचानक बंद पडतोय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात भाचीच्या लॅपटॉपचं हिंज (स्क्रीन आणि कीबोर्डचा भाग जोडणारं बिजागर) तुटलं म्हणून तो दुरुस्तीला दिला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा झाकण अगदी घट्ट बसत होतं. पण त्याच संध्याकाळी ती असाइनमेंट लिहीत असताना स्क्रीन एकदम काळी झाली. कुठली सूचना आली नाही, विंडोजची चूक दाखवणारी निळी स्क्रीन दिसली नाही, लॅपटॉपवरचे दिवेसुद्धा विझले. पुन्हा चालू केला तर वीस मिनिटं नीट चालला. मग पलंगावरून उचलून टेबलावर ठेवला आणि पुन्हा गेला.

दुकानदार म्हणाला, "विंडोजचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट मारलं. बंद पडणं थांबलं नाही, पण तिच्या प्रोजेक्टचे फोटो मात्र गेले, कारण बॅकअप घेतलेला नव्हता. मला आजही त्या फोटोंची हळहळ वाटते, म्हणूनच हे लिहितोय.

दुरुस्तीआधी जे होत नव्हतं ते दुरुस्तीनंतर व्हायला लागलं, तर पहिला संशय जिथे हात लागला तिथेच घ्यायचा. हिंज बदलताना विंडोजला कुणी हात लावत नाही. मागचं कव्हर उघडतात, बॅटरीचा कनेक्टर काढतात, हिंजमधून जाणारी डिस्प्लेची केबल सोडवतात, काही मॉडेलमध्ये पंखा आणि हीटसिंकही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) काढावं लागतं. यातलं काहीतरी परत नीट बसलेलं नसतं. म्हणून दुकानात विचारा, "काय काय उघडलं होतं?" उत्तरातच निम्मा शोध लागतो.

आधी बघा, मग हात लावा

घाईघाईने स्क्रू काढायला बसणं ही दुसरी चूक. आधी एक कागद घ्या आणि दोन दिवस प्रत्येक वेळी लिहा: किती मिनिटांनी बंद पडला, चार्जर लावलेला होता का, तळ गरम होता का, हलवला होता का, पंख्याचा आवाज येत होता का. आणि त्याच्याही आधी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर टाका. असा लॅपटॉप कधी कायमचा बसेल याचा भरवसा नसतो.

तो खरंच बंद पडतोय की नुसता झोपतोय, हेही तपासा. पॉवरचा दिवा मंद लुकलुकत असेल आणि बटण दाबताच उघडलेली फाईल तशीच समोर येत असेल, तर तो स्लीपमध्ये गेला होता. झाकण मिटलं की नाही, हे लॅपटॉपला अनेकदा एका छोट्या चुंबकावरून आणि सेन्सरवरून कळतं. स्क्रीन किंवा हिंजच्या कामात तो चुंबक सरकला, तर झाकण उघडं असूनही मशीनला ते मिटल्यासारखं वाटतं. तुमच्या घड्याळाच्या पट्ट्यात चुंबक असेल, तर घड्याळ काढून एकदा बघा.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर (मशीनमधल्या घटनांची नोंदवही) उघडून 'सिस्टम' या भागात जा. तिथे कर्नल-पॉवर 41 किंवा 6008 या क्रमांकाची नोंद दिसली, तर याचा अर्थ मशीन नीट शट डाउन न होता गेलं. एवढ्यावरून कारण कळत नाही, फक्त घटना आणि वेळ कळते. 1074 दिसलं तर मात्र कुठल्यातरी प्रोग्रामने, अपडेटने किंवा माणसाने रीतसर बंद करायला सांगितलं होतं. तेव्हा उघडून बघायची गरज नाही, सेटिंग बघा.

काही मिनिटांतच गरम होऊन जात असेल तर

हीटसिंक काढून परत लावलं असेल, तर बहुधा गोम तिथेच असते. अनेक प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ते 105 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच्या जवळ गेल्यावर प्रोसेसर आधी स्वतःला मंद करतो, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. हीटसिंक एका बाजूने उचललेलं राहिलं तर हे दोन-तीन मिनिटांतही होऊ शकतं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता नेणारी जुनी पेस्ट न पुसता तिच्यावरच नवी लावणं, पेस्ट लावायचंच विसरणं, थर्मल पॅड (उष्णता नेणारी मऊ पट्टी) हरवणं, या चुका मी पाहिल्या आहेत. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ बहुतेकदा 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडाथोडा आवळत जायचं. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलं की दाब तिरका बसतो.

पंख्याची बारीक वायर लावायची राहिली असेल, तर काही कंपन्यांची मशीन सुरू होतानाच पंख्याची चूक दाखवतात. तो संदेश एंटर दाबून घालवू नका. तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

चार्जरवर चालतो, बॅटरीवर जातो

भाचीच्या कागदावर हेच दिसलं: चार्जर असताना एकदाही नाही, चार्जर काढून हलवला की दर वेळी. बॅटरीचा कनेक्टर अर्धवट बसला होता. दुसऱ्या कारागिराने पाच मिनिटांत तो दाबून बसवला आणि प्रश्न संपला.

उलट प्रकार असेल, म्हणजे चार्जर लावूनही जड काम सुरू केल्यावर जात असेल, तर चार्जर बदललेला नाही ना ते बघा. 65 वॉटच्या मशीनला 45 वॉटचा ॲडॅप्टर मिळाला, तर साधं टायपिंग चालतं, पण गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगला तो कमी पडतो. दोन्ही ॲडॅप्टरवरचे आकडे वाचा. फोनचा टाइप-सी चार्जर पिन बसते म्हणून चालेलच असं नाही.

रॅम नीट बसली नसेल, तर लॅपटॉप गुपचूप बंद होण्यापेक्षा निळी स्क्रीन दाखवतो, रीस्टार्ट होतो किंवा सुरूच होत नाही. आणि हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल, तर बहुधा मोकळा स्क्रू आहे. चालू करून बघू नका. तो मदरबोर्डवर टेकला तर शॉर्ट होऊन पूर्ण बोर्ड जाऊ शकतो.

टचपॅड वर आलाय, तळ टेबलावर सपाट बसत नाही, असं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, स्वतः ओढून काढू नका. ती आग धरू शकते.

परत दुकानात जाताना तो कागद बरोबर न्या आणि बदललेले जुने भाग मागून घ्या. आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच अर्धा तास बसा: चार्जर काढून एक व्हिडिओ लावा, मशीन तिरपं करा, झाकण चार वेळा उघड-मीट करा, पंख्याजवळ हात धरून बाहेर गरम हवा येते का ते पाहा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.