ऑनलाइन समुपदेशन घेताय? या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आवाज लपत नाही. खाली भांडं पडलं की माडीवर कळतं. बाबा गेल्यानंतर मी पुण्याच्या एका समुपदेशक मॅडमशी व्हिडिओवर बोलायला लागले, पण पहिले चार आठवडे खरं काहीच बोलले नाही. पलीकडच्या खोलीत आई होती. मॅडम विचारायच्या, "झोप कशी लागते?" मी म्हणायचे, "ठीक." तास संपायचा, पैसे जायचे, आणि मला वाटायचं की याचा काही उपयोग नाही.

जागेची ही चूक सगळ्यांत जास्त महागात पडते, आणि ती सुधारणं त्या मानानं सोपं आहे. पाचव्या वेळी मी चॅटमध्ये लिहिलं, "आई घरात आहे, मोकळं बोलता येत नाही." मॅडमनी लगेच प्रश्न असे विचारायला सुरुवात केली की मला फक्त हो-नाही म्हणावं लागे, आणि पुढची वेळ आई देवळात जाते तेव्हाची ठरली. तुमच्याकडे तशी वेळ नसेल तर गच्ची बघा, उभी केलेली गाडी बघा, मैत्रिणीची रिकामी खोली मागा. इअरफोन लावाच, म्हणजे निदान समोरच्याचं बोलणं तरी बाहेर जात नाही. स्कूटरवरून जाता जाता मात्र बोलू नका. त्यात जीवाला धोका आहे, आणि मनातलं नीट बाहेरही येत नाही. बडोद्यात राहणाऱ्यांनी नवरात्रातल्या रात्रीच्या वेळा आधीच बदलून घ्याव्यात. गरब्याचे लाउडस्पीकर सुरू झाल्यावर समोरच्याला आपलं रडणंसुद्धा ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण मराठी बोलतो, पण ती बडोद्याची. मी एकदा म्हटलं, "दोन दिवस मला मजा नाही." आपल्याकडे गुजरातीच्या सवयीनं याचा अर्थ बरं वाटत नाही असा होतो. पुण्याच्या मॅडमना वाटलं, मला कशात आनंद मिळत नाहीये. तेव्हा माझं अंग तापानं फणफणत होतं! हा गैरसमज लगेच मिटला, पण सगळेच मिटतील असं नाही. आपला शब्द समोर नीट पोहोचला नाही असं वाटलं तर थांबून उलगडून सांगा. रागाचे, शरमेचे शब्द गुजरातीत येत असतील तर तेही चालतात, फक्त अर्थ सांगा.

आता ज्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते ते. फॉर्ममध्ये पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर मागतात, तिथे बरेच जण काहीतरी खोटं भरतात. घरी कळू नये, एवढाच हेतू असतो. पण तुमचा जीव धोक्यात आहे असं शेकडो किलोमीटरवरच्या समुपदेशकाला वाटलं तर तो मदत पाठवणार कुठे? खरा पत्ता द्या. नंबर आईबाबांचा नको असेल तर मावसबहिणीचा द्या, पण तिला आधी सांगून ठेवा. गोपनीयतेला कुठे अपवाद आहे हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर पुढच्या आठवड्याच्या वेळेची वाट बघत बसू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या 'टेली मानस'चा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही मोफत सेवा सुरू आहे, फोन चोवीस तास लागतो, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं तर आपल्या शहरात सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे.

पात्रता विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असायला हवी. नोंदणी क्रमांक मागा. इतर समुपदेशकांना पदवी आणि अनुभव विचारा. औषधं लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम, समुपदेशकाचं नाही. बोलून बरं वाटायला लागलं म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. आणि पहिल्याच दिवशी दहा भेटींचं पॅकेज घेऊ नका.

नेट तुटणार हे गृहीत धरा. व्हिडिओ अडकला तर कोणी कोणाला साधा फोन करायचा, हे आधीच ठरलेलं असावं. स्वतःचा चेहरा सतत दिसत असेल तर ती खिडकी लपवा. मी लपवली आणि बाबांबद्दल पहिल्यांदा न थांबता बोलले.

राहिली मध्येच सोडून देण्याची चूक. "त्यांनी काही उपाय सांगितलाच नाही," असं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर लोक फोन उचलणं बंद करतात. सुरुवातीच्या भेटी बहुतेक तुमची हकीकत समजून घेण्यात जातात, उपाय तिथून पुढे निघतो. तरीही पटत नसेल तर सरळ सांगा. तोंडानं जमत नसेल तर मी पाठवला होता तसा निरोप पाठवा: "मागच्या दोन भेटींत मला बरं वाटलं नाही. तुम्ही बाबांच्या आजारपणाबद्दल विचारता, पण मला त्यांच्याशी झालेल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे." पुढची भेट त्या भांडणापासूनच सुरू झाली.