दिग्दर्शक नीट सांगत नसेल, तेव्हा रंगमंच व्यवस्थापकाने या चुका टाळाव्यात

इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीवर मी अनेक वर्षे रंगमंच व्यवस्था सांभाळत आहे, आणि नव्याने येणारी मुले त्याच त्या चुका करताना पाहून आता थकवा येतो. नाटक डोक्यात स्वच्छ दिसते, पण तोंडून ‘ते जरा तसं करा’ याच्या पलीकडे काही निघत नाही, असा दिग्दर्शक प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. दिवसभर नोकरी करून रात्री रामबागेतल्या कुणाच्या तरी दिवाणखान्यात तालीम घेणारा तो माणूसही दमलेला असतो. त्याचा स्वभाव बदलणे आपल्या हाती नाही, म्हणून आपल्याकडून काय चुकते तेवढेच येथे लिहितो.

सर्वांत घातक चूक म्हणजे न समजता ‘हो काका, समजलं’ म्हणणे. ती मी स्वतः केली आहे. एका कौटुंबिक नाटकाच्या रंगीत तालमीत, रात्री साडेअकराच्या सुमारास, दिग्दर्शक प्रेक्षागृहातून म्हणाले, ‘‘दुसऱ्या अंकातला तो अंधार काढून टाक, लय तुटते.’’ दुसऱ्या अंकात ब्लॅकआऊट 2 होते. पहिला केवळ वेळ गेल्याचे सुचवण्यासाठी होता. दुसऱ्यात वडिलांची भूमिका करणारे नट उठून विंगेत जात आणि दोन मुले त्यांची खाट उचलून नेत. सभागृहाची वेळ संपत आली होती, शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा होता. मी ‘समजलं’ म्हटले आणि दुसऱ्या ब्लॅकआऊटवर रेघ मारली, कारण नुकताच तोच प्रसंग झाला होता. प्रयोगात ठरलेले वाक्य आले, सवयीने मुले विंगेतून निघाली, प्रकाश माझ्या सांगण्याप्रमाणे तसाच राहिला, आणि नुकतेच प्राण सोडलेले वडील लख्ख उजेडात खाटेवर उठून बसलेले सगळ्या प्रेक्षागृहाने पाहिले. हशा उसळला. आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी त्या क्षणाच्या शांततेसाठी 2 महिने मेहनत घेतली होती. हशा थांबेपर्यंत त्यांच्या हातातली वडिलांची शाल तशीच अर्धवट घडी केलेली राहिली, ते मला विंगेतून दिसत होते. दिग्दर्शकांना पहिला ब्लॅकआऊट काढायचा होता. ‘अंधार काढला, तर खाट केव्हा जाणार?’ एवढा एकच प्रश्न मी विचारला असता, तर सगळे तिथेच उलगडले असते.

तेव्हापासून प्रत्येक सूचना मी पान, वाक्य आणि परिणाम यांसह उलट वाचून दाखवतो : ‘‘काका, पान 43, आईच्या शेवटच्या वाक्यानंतरचा अंधार काढायचा, मग खाट उजेडात जाईल. बरोबर?’’ ज्याला नीट सांगता येत नाही, त्याला चुकीचे काय हे मात्र चटकन ओळखता येते. म्हणून ‘प्रकाश थोडा उदास हवा’ अशा सूचनेवर अर्थ विचारत बसण्यापेक्षा मी 2 पर्याय लावून दाखवतो आणि मान कोणत्या पर्यायाला हलते ते पाहतो. यात वेळ जातो, अशी तक्रार घाईची मुले करतात. ती मला मान्य नाही.

दुसरी चूक खास आपल्या गावची आहे. रवींद्र नाट्यगृह असो वा दुसरे कोणते सभागृह, प्रकाशाचे सामान घेऊन येणारी माणसे आमच्याकडे बहुधा हिंदी भाषक असतात, आणि त्यांच्यापर्यंत दिग्दर्शकाचे मराठी आपल्यामार्फतच पोहोचते. एकदा दिग्दर्शक ओरडले, ‘‘लेव्हलवरचं सामान खाली!’’ लेव्हल म्हणजे रंगमंचावरचा उंच चौथरा. मीही तेच शब्द पुढे सरकवले. मराठीत खाली म्हणजे तळाशी, हिंदीत खाली म्हणजे रिकामे. त्या माणसाने लेव्हल रिकामी करून तांब्या, समई, पाट असे सगळे विंगेत नेऊन ठेवले. त्याचे काही चुकले नव्हते. मी आता दिशादर्शक शब्दच वापरत नाही. ‘उजवीकडे’ म्हटले की नटाची उजवी की प्रेक्षकांची, हा घोळ उरतोच. म्हणून पहिल्याच तालमीत ‘देवघराची बाजू’ आणि ‘खिडकीची बाजू’ अशी नावे ठरवून सर्वांकडून, दिग्दर्शकांकडूनही, तीच वापरून घेतो.

तालमीचे मोबाइलवर चित्रण करून वही न ठेवणे हा हल्लीचा आवडता आडमार्ग आहे. चित्रणात हालचाल दिसते, निर्णय दिसत नाही, आणि प्रयोग चालू असताना ते मागे-पुढे करून पाहता येत नाही. एका पानावर संहिता, समोरचे पान कोरे, हातात पेन्सिल आणि खोडरबर. प्रकाशाच्या क्यूंना, म्हणजे बदल करायच्या ठरलेल्या क्षणांना, आकडे, संगीताच्या क्यूंना अ, आ, इ. म्हणजे ‘5 घ्या’ म्हटल्यावर संगीतवाला दचकत नाही. ‘घ्या’ हा शब्द प्रयोगात क्यूशिवाय कशासाठीही उच्चारायचा नाही.

दिग्दर्शकाचे व्हॉइस मेसेज जसेच्या तसे नटांना पाठवू नयेत. दोन दिवसांत दोन विरुद्ध सूचना आल्या, तर नटांसमोर वाद न घालता दोन्ही तारखांसह दिग्दर्शकांसमोर ठेवाव्यात. अंधारातल्या जागा ऐनवेळी बदलल्या, तर चमकणारी टेप नव्याने चिकटवून ती आधी दिव्याखाली धरावी. उजेड न मिळालेली टेप ब्लॅकआऊटमध्ये दिसत नाही, आणि उजेडातून आलेल्या नटाच्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात.

पहिल्या घंटेनंतर मी कोणताही बदल स्वीकारत नाही. दिग्दर्शक विंगेत येऊन काही सांगू लागलेच, तर ते शब्दशः वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो, त्यांना वाचून दाखवतो, खाली तारीख घालतो आणि पुढच्या प्रयोगाच्या तालमीत त्याच पानापासून सुरुवात करतो.