जर्मनीत ईस्टर कसा करायचा, सोलापूरच्या पोरापोरींसाठी

आमच्या चर्चमधली तीन पोरं यंदा जर्मनीला शिकायला चाललीत, आणि मी तिकडं सहा वर्षं राहून परत सोलापूरला आलेय म्हणून त्यांच्या आया मलाच विचारतात, ताई, तिकडं सण कसा करायचा गं. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहिते.

आधी तारीख. २१ मार्चला किंवा नंतर जी पहिली पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्या हिशोबानं ती कधी होळीची पौर्णिमा असते, कधी हनुमान जयंतीची. २०२६ ला हनुमान जयंती २ एप्रिल आणि ईस्टर ५ एप्रिल, २०२७ ला होळीनंतरचाच रविवार, २८ मार्च. आणि त्याच पहाटे तिकडं घड्याळ एक तास पुढं जातं, रात्री २ चे थेट ३ वाजतात, त्यामुळे पहाटेच्या उपासनेला जायचं असेल तर अलार्म नीट बघून लावा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किराणा. गुड फ्रायडे, रविवार आणि ईस्टर मंडे, तिन्ही दिवस दुकानं बंद, मधे फक्त शनिवार मिळतो आणि त्या दिवशी लई गर्दी. मला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलंच नव्हतं, घरात दोन बटाटे आणि दूध, हॉस्टेल सगळं रिकामं कारण जर्मन पोरं आपापल्या घरी गेलेली, बाहेर चिटपाखरू नाही, आणि इकडं आई फोनवर सांगतेय की सात उद्गारांच्या (येशूनं क्रुसावरून काढलेल्या) उपासनेला चर्च भरलंय. त्या शुक्रवारी मी खूप रडले. म्हणून सांगते, बुधवारपर्यंत सामान भरा आणि हॉस्टेलमधे मागं कोण कोण राहणारे ते विचारून रविवारच्या जेवणाला बोलवून ठेवा, मग तो कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा असू दे.

आता अंडी रंगवायची. रंग विकत आणू नका, कांद्याची सालं घ्या, आपण कांद्याच्या मार्केटच्या गावचे. महिनाभर सालं एका पिशवीत साठवत जा, आठ-दहा कांद्यांची तरी हवीत. ती लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळून गार करा, त्यात चमचाभर व्हिनेगर घाला, मग त्याच पाण्यात अंडी दहा मिनिटं उकडा आणि तशीच तासभर राहू द्या. पांढरी अंडी घेतलीत तर विटकरी-केशरी असा सुंदर रंग येतो. अजून एक करा, उकडायच्या आधी अंड्यावर कोथिंबिरीचं ओलं पान चिकटवा, वरून जुन्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा ताणून घट्ट गाठ मारा, रंगल्यावर सोडलं की पानाची नक्षी फिकट उमटलेली दिसते. पिवळ्यासाठी हळद, निळ्यासाठी जांभळा कोबी. शेवटी बोटाला थेंबभर तेल लावून पुसलं की चकाकतात.

तिकडं अजून एक पद्धत आहे, फांद्यांची. फोर्सिथिया म्हणून पिवळ्या फुलांचं झुडूप असतं, त्याच्या बंद कळ्यांच्या फांद्या ईस्टरच्या दहा-बारा दिवस आधी बाजारातून आणून कोमट पाण्यात ठेवायच्या, घरातल्या उबेनं त्या फुलतात, मग त्याला रिकाम्या केलेल्या अंड्यांची रंगीत टरफलं टांगायची. रानातल्या विलोच्या मऊ कळ्या मात्र तोडू नका, हिवाळा संपल्यावर मधमाश्यांचं पहिलं खाणं तेच असतं. आपल्याकडं ईस्टर येतो तेव्हा ऊन चाळिशीकडं निघालेलं असतं, कडुनिंब मोहरलेला असतो, सगळीकडं जीवच जीव. तिकडं चार-पाच महिने झाडं अक्षरशः मेल्यासारखी उभी असतात आणि एक दिवस त्या वाळक्या काटकीतून फूल निघतं, मला पुनरुत्थान म्हणजे काय ते टेबलावरच्या त्या फांदीकडं बघून जास्त कळलं.

पहाटेची उपासना चुकवू नका. जर्मन कळत नसलं तरी जा. बऱ्याच चर्चमधे अंधारात बाहेर जाळ करतात, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या. जाक्सन (सॅक्सनी) राज्यातलं हेर्नहुट गाव जवळ असेल तर तिकडंच जा, १७३२ ला तिथल्या लोकांनी कबरस्तानात जमून पहाटेची उपासना सुरू केली. कुणी 'क्रिस्टुस इस्ट आउफरश्टांडन' म्हणालं की 'एर इस्ट वारहाफ्टिश आउफरश्टांडन' म्हणायचं, म्हणजे आपलं 'प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे'च.

जेवणाला मटण. तुर्की दुकानात हाडासकट मिळतं, शनिवारी सकाळीच आणा. इथून काळा मसाला, शेंगा चटणी आणि कडक भाकरी न्या, भाकरी महिनाभर आरामात टिकते आणि रश्शात कुस्करली की झालं. तूप, खवा, सुकं मटण असलं काही बॅगेत टाकू नका, मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

उपासनेतून सातला बाहेर पडलात की इकडं साडेदहा झालेले असतात, आई चर्चमधून येऊन कांदा भाजत असेल, तेव्हाच व्हिडिओ कॉल लावा आणि फांदी दाखवा.