काजव्यांचे फोटो काढताय? कॅमेऱ्याच्या दिव्यांच्या या चुका टाळा

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे बघायला गर्दी होते. अशाच एका रात्री मी सादड्याच्या झाडाखाली ट्रायपॉड लावून बसलो होतो. झाड नुकतं लुकलुकायला लागलं होतं. मी टायमर लावून बटण दाबलं, तर कॅमेऱ्याच्या तोंडावरचा नारिंगी दिवा टकटक करू लागला. शेजारचा वाटाड्या हळूच म्हणाला, "दादा, तुमचा काजवा लईच मोठाय."

नर काजवा उडता उडता लुकलुकतो आणि खाली बसलेली मादी त्याला चमकून उत्तर देते. मध्येच आपला दिवा लागला की हा संवाद तुटतो. शिवाय २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत, जवळच्या पानांवर नारिंगी डाग उमटतो, तो वेगळाच.

फ्लॅश बंद केला म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. फोकसला मदत करणारा दिवा निराळा असतो. कॅननच्या मेन्यूत तो 'एएफ असिस्ट बीम' म्हणून सापडेल, सोनीत 'एएफ इल्युमिनेटर' म्हणून. तो बंद कराच. पण त्याहून बरं म्हणजे उजेड असतानाच झाडावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका आणि फोकसची रिंग हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी मारा. अंधारात ऑटोफोकस तसाही चाचपडतच राहतो.

एवढं करूनही दिवा लुकलुकतोय? मग तो सेल्फ टायमर. बऱ्याच कॅमेऱ्यांत दिवा तोच असतो, पण फोकससाठी बंद केला म्हणून टायमरसाठी बंद होत नाही, आणि त्यासाठी मेन्यूत वेगळी सोयही बहुधा नसते. माझी फजिती इथेच झाली. टायमर सोडा, केबल रिलीज (वायरवरचं बटण) किंवा इंटरव्हल टायमर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय) वापरा.

उरलेल्या दिव्यांना पट्टी. पारदर्शक सेलोटेपचा उपयोग शून्य. काळी इन्सुलेशन टेप दोन थर लावा, एका थरातून कधीकधी लाल झाक दिसते. टेपचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे काढताना नखांनी खरवडायला नको. इन्फ्रारेड रिमोट वापरत असाल तर त्याचा सेन्सर झाकू नका, नाहीतर रिमोट बिघडला म्हणून बॅटऱ्या बदलत बसाल.

फोटो निघाल्यावर स्क्रीन उजळत असेल तर 'इमेज रिव्ह्यू' बंद करा. स्क्रीन वळवता येत असेल तर सरळ आत मिटून टाका. फोटो संपूनही कार्डाचा दिवा २० सेकंद जळत राहिला आणि कॅमेरा अडकल्यासारखा वाटला, तर 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन', म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपके कमी करणारी सोय, चालू राहिलंय. प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ ते एक काळी फ्रेम घेतं. पुढे बरेच फोटो एकावर एक रचायचे असतील तर या थांबण्याने मध्ये पडलेली खिंडारं भरून निघत नाहीत, म्हणून ते बंदच ठेवा.

निघण्याआधी रात्री बाथरूमचा दिवा घालवून कॅमेऱ्यासकट १० मिनिटं आत बसा. घरचे हसतील, हसू द्या. डोळे अंधाराला सरावले की जंगलात करणार ते सगळं तिथे करून बघा. मला रिमोटचा हिरवा ठिपका, मनगट हलवलं की पेटणारं घड्याळ आणि पॉवर बँकेचे चार निळे दिवे असे सापडले. पॉवर बँक आता मोज्यात घालून नेतो.