शेततळ्याचं अनुदान: जेसीबी बोलावण्याआधीची तयारी

शेत मुरबाड-शहापुरात आणि बिऱ्हाड डोंबिवली, कळवा नाहीतर घणसोलीत, अशी घरं ठाणे जिल्ह्यात हजारोंनी आहेत. अशांचं अनुदान अडतं ते बहुतेक कागदांत आणि कामाच्या क्रमात. मे महिन्यात जेसीबी मोकळा सापडला म्हणून खोदाई उरकली आणि मागाहून अर्ज भरला, तर त्या खड्ड्याला रुपयाही मिळत नाही. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या राज्याच्या संकेतस्थळावर) अर्ज, निवड, कागद चढवणं, पूर्वसंमती, काम, मोजणी आणि शेवटी खात्यात पैसे, असा हा रस्ता आहे. खर्च आधी स्वतःच्या खिशातून होतो, तेव्हा त्याची सोय आधी लावा.

सगळ्यात पहिल्यांदा सातबारा आणि ८अ (खातेउतारा) नीट वाचा. आजोबांचं नाव अजून वर असेल तर वारस नोंद करून घ्या. फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी १५ दिवस जातात, म्हणून हे काम दिवाळीआधीच काढलेलं बरं. सामाईक खातं असेल तर प्रत्येक सहहिस्सेदाराचं संमतीपत्र लागतं. काका दिव्यात, आत्या नेरुळला, चुलतभाऊ परदेशात, असं असलं की सह्यांनाच दोन महिने लागतात. शेतकरी ओळख क्रमांक २०२५ पासून कृषी योजनांना सक्तीचा आहे, आणि त्यात आपले जमिनीचे सगळे गट जोडलेले आहेत का ते पाहा. बँकेत ‘केवायसी झाली आहे’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. आधार नेमका कोणत्या खात्याला जोडला आहे ते विचारा, पैसे त्याच खात्यात जातात. कोकणात वैयक्तिक शेततळ्यासाठी निदान ०.२० हेक्टर जमीन लागते.

आता आकार. अनुदानाची कमाल मर्यादा ७५,००० रुपये आहे आणि रक्कम आकारमानानुसार ठरते, म्हणून लोक मोठाच खड्डा मागतात. आधी पिकाचा हिशेब करा. काठ १:१ उताराचे, म्हणजे मीटरभर खोलीला मीटरभर आत येणारे धरले तर १५×१५×३ मीटर तळ्यात ४४१ घनमीटर पाणी मावतं, २०×२०×३ मध्ये ८७६ आणि ३०×३०×३ मध्ये २,१९६. भातानंतर एकरभर भेंडी ठिबकवर घेतली आणि दिवसाला १२ हजार लिटर लागले, तर ८७६ घनमीटर कागदावर ७३ दिवस पुरतं. उडून जाणारं पाणी आणि तळचा गाळ वजा करून दोन महिने धरा.

जागा वरकसाच्या (उतारावरच्या हलक्या जमिनीच्या) खालच्या अंगाला, पण ओहोळाच्या पात्रात नको. तिथे पहिल्याच जुलैत बांध वाहून जातो. पाणी आत येण्याच्या तोंडाशी साधारण मीटरभर लांब-रुंद गाळखड्डा करा आणि जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, म्हणजे सांड, खालच्या बाजूला दगड बसवून (पिचिंग करून) काढा. काठ उभे कापू नका. चालकाला तेच सोपं पडतं, म्हणून चुन्याने वरची चौकट आणि तिच्या आत तळाची चौकट, दोन्ही आखून द्या. २० मीटरच्या तळ्याला तळ १४ मीटरचा येतो. निघालेला मुरूम शेतातच बांधाला वापरा. ठाणे-कल्याणच्या बांधकामांना तो हवाच असतो, पण तो गौण खनिज आहे. परवानगी न काढता डंपर बाहेर गेला की दंडाची नोटीस अनुदानाच्या आधी पोहोचते.

मुरमात पाणी टिकत नाही. प्लास्टिक कापडाच्या अस्तराविना तळं डिसेंबरपर्यंत कोरडं पडण्याची भीती असते. अस्तरीकरण हा अर्जातला वेगळा घटक आहे, तोही निवडा. २०×२०×३ ला काठावरच्या मीटरभर पट्टीसह सुमारे ५७० चौरस मीटर कापड लागतं, जाडी ५०० मायक्रॉन. अंथरण्याआधी टोकदार दगड आणि मुळं हाताने वेचा, बारीक मातीचा थर द्या, आणि काठापासून थोडं मागे अर्धा मीटर खोल चर काढून कडा त्यात गाडा. कडा नुसत्या दगडांनी दाबल्या तर वाऱ्याने कापड सरकतं. चारही बाजूंनी कुंपण आणि आत सोडलेला गाठी मारलेला दोर हवाच. ओल्या कापडावरून माणूस वर चढू शकत नाही.

तळ्यातलं पाणी पिकाला द्यायला ठिबक घेतलं तर त्यालाही अनुदान आहे: अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) ८० टक्के, इतरांना ७५ टक्के मिळतात. टक्के बिलावर नव्हे, सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजतात, त्यामुळे भारी संचाचा फरक आपल्याच माथी. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नंतरचीच हवी.

मोजणीला येणाऱ्या सहाय्यकाचं पद आता ‘सहायक कृषी अधिकारी’ झालं आहे. गावात अजून कृषी सहाय्यकच म्हणतात. खोदाईआधी, चालू असताना आणि नंतर, तिन्ही वेळा एकाच कोपऱ्यातून लोकेशनसह फोटो काढा. तळं भरण्याआधी मोजणी करून घ्या, कारण पाणी चढलं की टेप तळापर्यंत पोहोचत नाही.