रोपं आणायला जाण्याआधी

वळवाची एखादी सर पडून गेली की सोलापूर रस्त्याला, उरळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. फुललेलं रोप दिसतं, आवडतं, गाडीत बसतं, आणि ते लावायचं कुठे हे घरी आल्यावर ठरतं. हा क्रम उलटा करा. आधी जागा बघायची, मग झाड ठरवायचं. मे महिन्याचे दोन-तीन रविवार त्याला पुरतात.

कागदावर अंगणाचा आराखडा काढा. कंपाउंड, पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, वरून जाणाऱ्या तारा, सगळं त्यात येऊ द्या. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला सावली कुठे आहे ते त्यावर मांडा. मात्र फक्त मेमधल्या उन्हावर विसंबू नका. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे उत्तरेच्या बोळातही लख्ख ऊन दिसतं. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कलतो आणि इमारतीची दुपारची सावली उत्तरेला जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. त्या पट्ट्यात लिंबू किंवा मोगरा लावलात तर पानं येतील, फूल-फळ फारसं नाही. तिथे अबोली लावा, अडुळसा लावा.

मग कुदळ घ्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा एक खड्डा खणून बघा. आईच्या घरी आम्हाला खाली मुरूम लागेल अशी खात्री होती. निघाली काळी चिकण माती, आणि तिच्यात घर बांधतानाचा राडारोडा: विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक गंजलेली सळई. दोन बादल्या पाणी ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्याहून जास्त पाणी तसंच होतं आणि खड्ड्याच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. आईला तिथे सोनचाफा हवा होता. पाणी साचलेल्या मातीत चाफ्याची मुळं कुजतात, म्हणून तो कुंपणाकडच्या उंचवट्यावर गेला आणि त्या जागी ताम्हण आलं. ताम्हण मूळचं ओढ्या-नद्यांच्या काठचं, ओल सोसणारं झाड. शिवाय आपलं राज्यफूल. पाणी तासाभरात जिरलं आणि खाली मुरूम असला तर सीताफळाचा विचार नक्की करा. पुरंदरच्या मुरमाड उतारांवर जे पिकतं ते आपल्या अंगणातही खुशाल येतं.

यानंतरचं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जे झाड मनात आहे त्याचा पूर्ण वाढलेला घेर जमिनीवर चुन्याने आखा. पारिजातकाला साधारण दहा फुटांचं वर्तुळ पुरतं. कलमी आंब्याला वीस-पंचवीस फूट धरा. त्या वर्तुळात भिंत, टाकी किंवा शेजारच्या काकूंची स्वयंपाकघराची खिडकी येत असेल, तर झाड बदला. पुढे पटलं नाही म्हणून तोडता येत नाही: 1975 च्या कायद्याने शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो कायदा हवाच आहे, म्हणून तर लावतानाच नीट बघायचं. उंबर-पिंपळ भिंतीजवळ उगवले तर रोप बोटभर असतानाच काढून मोकळ्या जागी न्या. गुलमोहर घराजवळ नको. लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, पहिल्या वादळात फांदी खाली.

पश्चिमेच्या खोल्या तापतात म्हणून सावली हवी असेल, तर बहावा तिथे लावू नका. फुलतो तेव्हा नजर हटत नाही, पण ऐन उन्हाळ्यात तो पानं गाळून बसलेला असतो. तिथे बकुळ लावा. वाढायला वेळ घेते, पण बारा महिने हिरवीगार आणि दाट. बहाव्याला समोरची, रस्त्यावरून दिसणारी जागा द्या. जागा लहान असेल तर आपटा फार गुणी झाड. दसऱ्याला बाजारात पुष्कळदा कांचनाची पानं आपटा म्हणून गळ्यात मारतात. दारात खरा आपटा असावा असं मला मनापासून वाटतं.

झुडपांत कढीपत्ता आणि लिंबू आधी. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारख्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, ती फुलपाखरांची पिल्लं आहेत. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कुंपणाला करवंद किंवा मेंदी. घरात लहान मूल असेल तर कण्हेर आणि बिट्टी नको, दोन्ही विषारी.

पाण्याचाही हिशेब आत्ताच करा. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने, निदान पहिले दोन-तीन उन्हाळे, पाणी तुम्हालाच घालायचंय. सोसायटीत टँकर येत असेल तर पाचऐवजी दोनच झाडं लावा.

आता रोपवाटिकेत जा. सर्वांत उंच रोप उचलू नका. खोड जाड असलेलं आणि पिशवीच्या तळाशी मुळं दाटलेली नसलेलं घ्या. मागे एका ठिकाणाहून आणलेल्या बकुळीची पिशवी कापली, तर मुळं दोरीच्या भेंडोळ्यासारखी गोल गोल फिरलेली होती. दोन वर्षं ती जागची हलली नाही. सोनचाफा कलमीच मागा, बियांचा फुलायला वर्षानुवर्षं घेतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहायला हवा आणि जोडाखालून आलेले फुटवे काढून टाकायला हवेत.

खड्डे मात्र त्याआधीच खणून उन्हात तापू द्या. निघालेली माती, शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड कालवून बाजूला ठेवा. जून अर्ध्यावर आला, खड्ड्यात हात घातल्यावर माती वीतभर ओली लागली, की संध्याकाळी रोप लावा, आळं करा, वर पालापाचोळा पसरा आणि बांबूला सुतळीने सैल बांधा.