कॉन्फरन्सच्या टीव्ही हक्कांचा आकडा स्वतः कसा काढायचा

अमेरिकेत विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत खेळतात आणि सामन्यांचे टीव्ही हक्क हा गट एकत्र विकतो. जून २०२२ च्या शेवटी यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी आमची पॅक-१२ कॉन्फरन्स सोडून बिग टेन कॉन्फरन्समध्ये जाणार असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरचं वर्षभर आम्हा पॅक-१२ च्या चाहत्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: नव्या टीव्ही कराराचे प्रत्येकी, म्हणजे एका विद्यापीठाला वर्षाला, किती मिळणार? कोणी चार कोटी डॉलर म्हणे, कोणी पाच. मी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा. पुलमनला एम.एस. केलं आणि फुटबॉलही तिथेच कळायला लागला. ४ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवशी पाच विद्यापीठांनी कॉन्फरन्स सोडली आणि महिन्याभरात आमच्यासोबत ओरेगन स्टेट तेवढं उरलं. ऐकीव आकड्यांवर आशा बांधणं किती महाग पडतं, हे आमच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून तुमची कॉन्फरन्स कोणतीही असो, आकडा स्वतः मांडून बघा. त्याला लागते एक स्प्रेडशीट आणि एका हंगामाची चिकाटी.

सुरुवात शहरांपासून करू नका. ‘आमच्याकडे बे एरिया आहे, सिएटल आहे, फिनिक्स आहे’ हा हिशोब केबलच्या काळातला. तेव्हा घरात कोणी सामना बघो न बघो, चॅनेलला त्या भागातल्या प्रत्येक केबल ग्राहकामागे दरमहा पैसे मिळायचे. बिग टेनने २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्सला घेतलं ते वॉशिंग्टन डी.सी. आणि न्यूयॉर्क परिसरातल्या याच घरांसाठी. २०११ च्या सुमारास ईएसपीएन हे खेळांचं केबल चॅनेल जवळपास दहा कोटी घरांत होतं. तिथून ही संख्या घसरतच आली आहे. माजी विद्यार्थी किती लाख आहेत, हेही बाजूला ठेवा. आमच्या कॉन्फरन्सने २०१२ मध्ये स्वतःच्या पूर्ण मालकीचं नेटवर्क काढलं, पण डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह टीव्ही सेवेवर ते कधी आलंच नाही. शहरं होती, माजी विद्यार्थी होते आणि सामना मात्र घरात दिसत नव्हता.

मोजायचे ते सामने. हंगामातला प्रत्येक सामना एका ओळीत लिहा: कोण विरुद्ध कोण, चॅनेल कोणतं, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने किती वाजता, त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर काय होतं आणि प्रेक्षक किती. चौथा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि मला सर्वांत जास्त तोच शिकवतो.

२३ सप्टेंबर २०२३ चा शनिवार घ्या. आम्ही पुलमनमध्ये ओरेगन स्टेटला ३८-३५ ने हरवलं. दोन्ही संघ क्रमवारीत, सामना फॉक्सवर, शेवटपर्यंत अटीतटीचा. पण पूर्वेकडे संध्याकाळचे सात वाजले होते आणि अर्ध्या तासाने एनबीसीवर ओहायो स्टेट विरुद्ध नोत्र दाम सुरू झाला, जो सुमारे एक कोटी लोकांनी पाहिला. त्याच दुपारी एबीसीवर कोलोरॅडो-ओरेगन सामन्यालाही एक कोटी प्रेक्षक होते. आमच्या सामन्याचा आकडा नुसता लिहून ठेवला तर संघ कमकुवत वाटतो. समोर काय होतं ते लिहिलं की आकड्याचा अर्थ लागतो. उलटही तितकंच खरं. तुमच्या संघाला भरपूर प्रेक्षक मिळाले तो सामना ऑबर्न किंवा मिशिगनविरुद्ध असेल, तर त्यातला मोठा वाटा पाहुण्यांचा असतो.

कोलोरॅडोची गोष्ट वेगळी लिहून ठेवावी लागते. डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आल्यावर पहिल्याच हंगामात त्यांचा कोलोरॅडो स्टेटविरुद्धचा सामना पूर्वेकडे रात्री दहाला सुरू होऊनही नव्वद लाखांवर लोकांनी पाहिला. एका माणसामुळे आलेली गर्दी सहा वर्षांच्या कराराला लावता येत नाही. अशा ओळींना वेगळा रंग द्या आणि सरासरी त्यांच्यासह एकदा, त्यांच्याशिवाय एकदा काढा.

सरासरीबद्दल अजून एक. कॉन्फरन्सच्या स्वतःच्या नेटवर्कवरचे आणि फक्त स्ट्रीमिंगवर दाखवलेले अनेक सामने जाहीर आकड्यांत येतच नाहीत. ते वगळून काढलेली सरासरी फुगलेली असते. म्हणून मी सरासरीपेक्षा मोजणी धरतो: चाळीस लाखांवर किती सामने गेले, दहा लाखांवर किती, आणि किती सामन्यांचा आकडाच नाही. करार पहिल्या गटावर ठरतो. जुने-नवे आकडेही सरळ शेजारी ठेवू नका. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने घराबाहेरचे प्रेक्षक धरायला सुरुवात केली, मग २०२५ च्या हंगामापासून मोजायची पद्धतच बदलली. त्यामुळे एरवी काही न बदलताही आकडे वाढलेले दिसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घेणार कोण? माल कितीही चांगला असला तरी बोली लावायला दोन जण लागतात, आणि दोघांकडेही रिकामी वेळ लागते. चॅनेलांची नावं आडवी लिहा आणि शनिवारच्या वेळा उभ्या: बारा, साडेतीन, साडेसात, साडेदहा. ज्या खान्यात आधीच सामना आहे तो भरून टाका. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा म्हणून सांगितला गेलेला करार केला आणि तिघांचेही चांगले खाने भरले. ईएसपीएनकडे २०२४ पासून संपूर्ण एसईसी, म्हणजे दक्षिणेतली बलाढ्य कॉन्फरन्स, येणार होती. राहिली बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स. त्यांचा करार आमच्यानंतर वर्षाने, २०२५ मध्ये संपणार होता, म्हणजे रांगेत आम्ही पुढे होतो. पण त्यांचे नवे आयुक्त, म्हणजे कॉन्फरन्सचे प्रमुख, ब्रेट यॉर्मार्क थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्येच त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांची मुदतवाढ ठरवली. त्या दिवशी हा तक्ता कोणी भरून पाहिला असता, तर पॅक-१२ साठी रात्री साडेदहाची वेळ आणि स्ट्रीमिंगवाले एवढंच उरलंय हे त्याला दिसलं असतं. तरीही जुलै २०२३ मध्ये आमचे आयुक्त सांगत होते की जितकं थांबू तितके पर्याय सुधारतील. सहा दिवसांनी कोलोरॅडो कॉन्फरन्स सोडून गेलं. अखेर विद्यापीठांच्या अध्यक्षांसमोर आला तो अ‍ॅपलचा प्रस्ताव: एक ठरावीक रक्कम आणि वर ग्राहक वाढतील तसे पैसे.

मग भागाकार. बिग ट्वेल्व्हचा करार २.२८ अब्ज डॉलरचा. सहा वर्षांनी भागा, वर्षाला ३८ कोटी; बारा सदस्यांनी भागा, प्रत्येकी ३ कोटी १७ लाखांच्या आसपास. बातमीतला मोठा आकडा वाचला की आधी हे दोन भागाकार करा. ही सरासरी आहे, हेही विसरू नका: रक्कम दरवर्षी चढत जाते, त्यामुळे पहिल्या वर्षी कमी आणि शेवटच्या वर्षी जास्त मिळतात. एका सामन्याची किंमत काढायची तर एसईसीचा दाखला घ्या. आठवड्यातला त्यांचा सर्वोत्तम सामना सीबीएसला वर्षाला साडेपाच कोटी डॉलरमध्ये मिळत होता; ईएसपीएनने त्याच गठ्ठ्यासाठी वर्षाला सुमारे तीस कोटी मोजल्याच्या बातम्या होत्या. हंगामात साधारण पंधरा सामने धरले तर एकाला दोन कोटी. हा वरचा भाव, आणि तो अलाबामा, जॉर्जिया, एलएसयूच्या सामन्यांचा आहे. खालच्या टोकाला माउंटन वेस्ट या लहान कॉन्फरन्सचा २०२० चा करार ठेवा: संपूर्ण कॉन्फरन्सला सहा वर्षांचे मिळून २७ कोटी. तुमचा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो, ते पहिल्या तक्त्यातल्या मोठ्या सामन्यांच्या मोजणीवरून ठरवा.

अटी वाचल्याशिवाय वाटणी करू नका. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठं बिग टेनमध्ये पूर्ण वाट्यावर गेली नाहीत. एसएमयू विद्यापीठाने तर एसीसी कॉन्फरन्समध्ये प्रवेशासाठी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडलं. मार्च २०२५ च्या तडजोडीनंतर एसीसी टीव्हीच्या पैशांतला साठ टक्के हिस्सा प्रेक्षकसंख्येवर वाटते. त्यामुळे तिथे ‘प्रत्येकी’ हा शब्द क्लेमसनला वेगळा आणि बॉस्टन कॉलेजला वेगळा लागू होतो. शिवाय टीव्हीचे पैसे आणि कॉन्फरन्सने वाटलेले एकूण पैसे यांची गल्लत चाहते सर्रास करतात. एसईसीने २०२३-२४ साठी जुन्या चौदा सदस्यांना सरासरी सव्वापाच कोटी दिले, पण त्यात प्लेऑफ, हंगामाअखेरचे ‘बोल’ सामने आणि बास्केटबॉल स्पर्धा यांचे पैसेही आहेत. खरा आकडा पाहायचा तर कॉन्फरन्सचं फॉर्म ९९० हे कर विवरणपत्र उघडा. ते उशिरा येतं, पण ते सहीनिशी दिलेलं असतं.

‘सूत्रांनुसार’ म्हणून येणाऱ्या आकड्याला मी तीनच प्रश्न विचारतो. हा आकडा बाहेर आल्याने फायदा कोणाचा? कराराची मुदत किती? आणि रक्कम नक्की आहे की ‘इतक्यापर्यंत’? तिन्हींची उत्तरं नसतील तर तो माझ्या शीटमध्ये जात नाही. स्वतःचा अंदाजही मी एका आकड्यात लिहीत नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे लिहितो, आणि शेजारी कोणत्या दोन चॅनेलांनी बोली लावली तर वरचा आकडा खरा होईल, तेही लिहितो. ती दोन नावं सुचत नसतील तर वरचा आकडा खोडतो.

पुढची मोठी फेरी आतापासून मांडता येते. बिग टेनचा करार २०३० मध्ये संपतो, बिग ट्वेल्व्हचा २०३१ मध्ये, पुरुष बास्केटबॉल स्पर्धेचा २०३२ मध्ये. पण एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगला आपल्या बहुतेक करारांतून २०२९ च्या हंगामानंतर बाहेर पडता येतं, आणि चॅनेलं आधी पैसे राखून ठेवतील ते तिच्यासाठी. म्हणून चॅनेलांच्या तक्त्यात रविवारची, म्हणजे तिच्या सामन्यांची, एक ओळही घाला.